सापडल्यास कळवा

गुंडार्सनं पहिली फ्रेम घरी आणली
तेव्हा ती दिसली कोळ्यासारखी, काळी,
चारच पाय उरलेली.
वर पांढरी पट्टी चिकटवून त्यानं माझ्या हातात पेन दिलं.
"तुझा नंबर लिही. गॉगल चढवला की
मला ना खिसा दिसतो, ना फोन."
मी लिहिला. साताला मधे आडवी रेघ,
शाळेत शिकवली होती तशी.

आमच्या लिएपायात अंबर विकतात,
लाखो वर्षांची गोठलेली राळ, पर्यटकांना, दोरीत ओवून.
आमच्या स्वयंपाकघरात राळ ताजी असायची,
सोल्डरच्या धुरातली, पडद्यांत मुरलेली.
टेबलावर डागाच्या आकाराचं एक भोक पडलं
आणि आम्ही त्यावर मीठदाणी ठेवत आलो.

आधी पंखे. ते पापडासारखे मोडायचे,
डझनानं यायचे, डझनानं जायचे.
मग एक पाय, किल्ल्याच्या भिंतीवर.
मग मोटारी, चारी एकदम,
कारण एकच बदलली तर म्हणे बाकीच्या रुसतात.
बॅटरी चार सेलांची होती, सहांची झाली.
फुगलेल्या जुन्या बॅटऱ्या बाल्कनीत,
माझ्या जिरेनियमच्या रिकाम्या कुंडीत, वाळूखाली.
कॅमेऱ्यात आधी मुंग्या मुंग्या दिसायच्या,
एका नाताळात समुद्र स्वच्छ दिसू लागला.

समुद्राची ओल सर्किटला बाधते म्हणून
बिनरंगी नेलपॉलिश लावतात.
माझ्याकडे लालच होतं. चालेल म्हणाला.
त्या रात्री त्याची नखं लाल, बोर्ड लाल,
आणि आम्ही दोघं हसून हसून बेजार.

उडवताना तो घडीच्या खुर्चीत बसायचा
आणि वळणावर त्याचा खांदा कलायचा,
इतका, की मी खुर्ची धरून ठेवायचे.
तो तिकडे पडक्या तोफखान्याच्या खिडकीतून आरपार,
मी इकडे, थर्मासजवळ.
हल्ली वर काही गुणगुणलं
की म्हातारी माणसं खिडक्या लावून घेतात,
रेडिओचा आवाज वाढवतात.
तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा मुलं मागे पळायची.

"तोच आहे हा," दर वेळी म्हणायचा,
"जरासा सुधारलाय, एवढंच."
बदलत मीही होते.
पण माझ्या बदलांची पार्सलं येत नव्हती,
आणि खोकी फोडायला तो उत्सुक नव्हता.
भांडण असं झालं नाही.
मी केस कापले, दवाखाना बदलला,
आणि एका मार्चमध्ये घर.
टेबल त्याला. कुंडी मला, वाळूसकट.

परवा अनोळखी नंबर. ग्रोबिन्याच्या पुढून, कुणी स्कायड्रीते.
"बाई, माझ्या कोबीत काहीतरी किंचाळतंय.
त्याच्यावर तुमचा नंबर आहे."

गेले. चिखल घोट्यापर्यंत.
स्कायड्रीतेबाईंनी त्याच्यावर बादली पालथी घातली होती,
कुत्रा भुंकत होता म्हणून.
उचलला. ओळखीचं काहीच नव्हतं:
फ्रेम नवी, मोटारी नव्या,
स्क्रूसुद्धा निळे, हलके, महागाचे.
पट्टी तेवढी पांढरी. अक्षर त्याचं,
पण साताला मधे रेघ.
त्याच्या सातांना कधीच नव्हती.

वरची पट्टी हलली होती, आत डोकावले.
बोर्डवर लाल.
माझी बाटली तर मी येताना बरोबर आणली होती.
म्हणजे गोदीतला हा वेल्डर, पन्नाशीचा,
दुकानात लिपस्टिकांच्या फळीसमोर उभा राहिला असणार,
हातमोजे काखेत धरून,
इतक्या लालांतून एक लाल आठवत.
जरा गडदच लागला त्याला.

गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, पट्टा लावून.
तो किंचाळत होता, थांबून थांबून.
पिवळा जोड ओढला की गप्प होतो, मला माहीत आहे.
सात वर्षं ऐकत होते.

कालव्याचा पूल येईपर्यंत
मी तो ओढला नाही.