उरलेला अर्धा रकाना

बेसा, काजळी नीट घोट.
गुठळी राहिली तर अक्षराला फोड येतो.

हे लिहिणारा याच बंदरात उतरला म्हणतात,
वहाणेचा अंगठा तुटलेला, ग्रीक बेताचंच.
वाक्यागणिक 'आणि', वाक्यागणिक 'लगेच',
जणू मागे कुणी लागलंय.

माझी आजी सांगायची, त्या रात्री बागेतून
तागाचं वस्त्र शिपायाच्या मुठीत टाकून
उघडा पळाला तो पोरगा हाच.
नाहीतर एवढीशी गोष्ट
लिहून कोण ठेवील?

म्हणून शेवटी बायका कबरीपासून पळतात
आणि तो तिथेच बोरू उचलतो.
भ्यालेल्यांना मागे बोलावत नाही.
पळताना उघड्या पाठीला वारा कसा लागतो
हे त्याला माहीत.

पण धान्यवाल्या सरापियोननं पैसे आगाऊ मोजले होते.
"एवढ्यावर कसं संपेल? अर्धा रकाना कोरा!"
त्या साली नाईल चढली नव्हती.
मसूर दुप्पट भावानं, घरात तुझी आई आजारी.
मी लिहिलं.
भेटी, खुणा, निरोप,
सगळं गोड, सगळं जागच्या जागी.
हात जराही कापला नाही, हेच सलतं.

फक्त दोन्हींच्या मधे बोटभर जागा सोडली.

तू नक्कल करशील तेव्हा गिऱ्हाईक म्हणेल,
पपायरस महाग आहे, जोडून टाक.
जोडू नकोस.
तिथे अजून कुणीतरी धापा टाकत उभं आहे.

आणि डिंक?
डिंक घातलास का शाईत?