एकोणतीस

नवतप्याचा सहावा दिवस.
जिन्सी नाल्यावर डांबराला चपला चिकटतायत
आणि बनवारी कुशवाह म्हणतो,
"गैस डाल दो भैया, बस. स्टेशन की सवारी है."
मागच्या दोघांनी तेच केलं होतं.
गॅस घातला, पैसे घेतले,
आठव्या दिवशी गाडीतून पुन्हा
चुलीच्या तोंडची हवा.

मी बोलत नाही. निळी नळी इकडे, लाल तिकडे,
पिवळी पंपाला. बटण.

पंप आधी घशात काही अडकल्यासारखा खाकरतो,
मग आवाज बारीक होत जातो,
आत जितकं उरत नाही तितका बारीक.
काटा शून्य ओलांडून खाली उतरतो,
दहा, वीस,
सत्ताविसापाशी रेंगाळतो.
तिथं ओल असते.

"कैसी सील?" बनवारी हसतो, "बाहर पैंतालीस है."
त्याला कसं सांगू.
मागच्या भादव्यात कुणी पाइप खोलून
रात्रभर तसाच ठेवला असेल,
आणि ती आत येऊन बसली असेल.
मग वर्षभर त्या सुईएवढ्या वाटेत जाऊन
गोठायची, विरघळायची, गोठायची.
ही पुसून निघत नाही. फुंकूनही नाही.
तिच्या भोवतालचं सगळं काढून घ्यावं लागतं,
इतकं, की ती जाळाशिवाय उकळते
आणि आपली आपण निघते.

अठ्ठावीस. एकोणतीस.
गेजवर तीस छापलंय, पण ग्वाल्हेरात
काटा तीसला कधी टेकत नाही.
आमच्या डोक्यावरची हवाच तेवढी आहे.

बत्तिसाव्या मिनिटाला लाइट गेली.

मी झेप घेऊन वाल्व बंद केला.
पंप थांबला की त्याचं तेल उलटं आत चढतं,
हे मी एकदा तीन हजार भरून शिकलोय.
समोर पिको-फॉलवालीचं मशीन गप्प.
उसाचा चरक अर्ध्या कांडक्यावर गप्प.
माणसं एकेक करून सावलीच्या पट्टीत आली.
बनवारीचा फोन वाजला, मग पुन्हा वाजला नाही.
सवारी गेली.
तो पहिल्यांदाच स्टुलावर बसला.

खरं सांगायचं तर एरवी मीही
दहा मिनिटं बघतो आणि गॅस सोडतो.
आज दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.
मी, तो, आणि पोरगा सोनेराम
त्या काट्याकडे बघत राहिलो,
तापातल्या लेकराकडे बघावं तसे.
आत काहीच नव्हतं.
ते तसंच राहतंय का, एवढंच बघायचं होतं.

सोनेराम म्हणाला, हिल गया.
बनवारी म्हणाला, नहीं हिला.
मी काचेवर खडूची रेघ मारली.

मग बनवारी बोलू लागला.
हप्ते, मुरैन्याला माहेरी गेलेली बायको,
मेव्हण्याशी तोडलेलं बोलणं,
एकामागून एक, कुणी पंप लावल्यासारखा,
आणि एका जागी येऊन रेंगाळला.
मी काही विचारलं नाही.
सोनेरामनं माठातलं पाणी आणलं.

पावणेपाचला लाइट आली.
काटा रेघेच्या केसभर वर होता.
केसभरच.
सोडून देता आलं असतं.
मी लाल बाजूचा जोड खोलला,
सूं करून सगळी हवा परत आत गेली,
बत्तीस मिनिटांची मेहनत एका श्वासात,
आणि आतलं रबरी कडं
चिमटीत धरताच चुरा झालं.

बारा रुपयांचं कडं.
पुन्हा निळी, लाल, पिवळी. पुन्हा पहिल्यापासून.
बनवारी "बस" म्हणाला नाही.

दुकान बंद करताना पंपाचं तेल काढलं.
पांढरट, पातळ, सोनेराम म्हणाला, "दादा, मट्ठा."
एका वाटीत मागच्या भादव्याची ती रात्र.
नाल्याकडे जाऊन ओतायची नसते,
म्हणून डब्यात ठेवली.

बनवारी कड्याचे बारा रुपये वेगळे मोजत होता.
सुटे दोन कमी पडले.
म्हटलं, राहू दे.
त्यानं खिसे पुन्हा एकदा उलटे केले.