चौथं मशीन

हॅलिफॅक्समधल्या आमच्या घरात
जिना संपतो तिथे जी चिंचोळी खोली आहे
तिला इथले लोक बॉक्स रूम म्हणतात,
वैजयंती म्हणते, कारखाना.
तिथे बसून एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांचे पगार काढले:
दोन बेकऱ्या, एक चपलांचं दुकान,
कालव्याकाठचा एक गॅरेजवाला,
ज्याची प्रत्येक पावती
ग्रीसच्या अंगठ्यानिशी यायची.

मशीनं एकेक करून आली
पाहुण्यांसारखी, आणि राहिली.
पहिलं हिशेबाचं.
दुसरं, पहिलं बसलं तर असावं म्हणून.
तिसरं एका प्रिंटरसाठी,
प्रिंटर एका फॉर्मसाठी,
आणि तो फॉर्म सात वर्षांपूर्वीच रद्द झालेला.
मला कुणी कळवलं नाही.
कळवलंही असेल, दुसऱ्या मशीनवर.

चौथं कपाटाखाली, काळं, बुटकं,
रात्रंदिवस घरघरणारं.
त्याचं काम काय हे मी कधीच विसरलो होतो,
पण बंद करायची छाती होत नव्हती.
घरात इतकी वर्षं बसलेल्या माणसाला
एकदम कसं विचारायचं,
आपण कोण?

साठी उलटली. बेकऱ्या विकल्या गेल्या.
चपलांच्या दुकानात आता केस कापतात.
फेब्रुवारीतल्या एका शनिवारी
बाह्या सरसावून मी टेबलाखाली शिरलो.
धूळ, दोन पेनांची टोपणं, मृण्मयीचा दुधाचा दात
(तो उंदराला द्यायचा राहिला होता),
आणि वायरी.
त्यातली एक भिंतीकडून निघाली,
कपाटाला वळसा घालून
पुन्हा भिंतीशीच येऊन थांबली.
दोन्ही टोकं मोकळी.
गुडघे दुखेपर्यंत मी तिच्याकडे बघत बसलो.

कौन्सिलच्या भंगार-आवारात
केशरी जाकिटातला डग्लस म्हणाला,
"यात काही गुपितं आहेत का?"
म्हटलं, दोन बेकऱ्यांचे ओव्हरटाइम.
तशा डिस्का मी आधीच काढून घेतल्या होत्या.
घरी येईपर्यंत कोटाच्या खिशात
त्या चिल्लरीसारख्या वाजत राहिल्या.

आता एक टेबल, एक लॅपटॉप,
आणि भिंतीवर पूर्वीच्या रंगाचे तीन चौकोन.
घरघर गेली तशी
पलीकडच्या मिसेस एकरॉइड ऐकू आल्या.
क्लॅरिनेट वाजवतात.
एकाच वळणावर दरवेळी अडखळतात,
थांबतात, परत पहिल्यापासून.
नऊ वर्षं शेजारी आहेत.
मी त्यांना फक्त बिनच्या दिवशी ओळखायचो.

तिसऱ्या सकाळी वैजयंती
पातेलं हातात घेऊन दारात उभी.
"दही लागलं नाही."
म्हटलं, थंडी किती आहे.
"थंडी काय आज आली?
ते कपाटाखालचं कुठे गेलं?"

तर असं होतं.
मी झोपलो की ती वर यायची,
विरजण लावलेलं पातेलं
जुन्या टॉवेलात गुंडाळून
त्या काळ्या मशीनच्या पाठीवर ठेवायची,
आणि मी उठायच्या आत घेऊन जायची.
मला सांगितलं असतं
तर मी पाण्याबिण्याचं, शॉर्टसर्किटचं
भाषण दिलं असतं. दिलंच असतं.
"तुझ्या त्या सगळ्या पसाऱ्यात," ती म्हणाली,
"रोज कामाला येणारं तेवढं एकच होतं."

पातेल्यात पाहिलं.
दूध काल होतं तसंच, पातळ, निळसर,
तळाशी विरजणाचा एक गोळा
घाबरून बसलेला.

मी लॅपटॉपला हात लावून बघितला.
जेमतेम कोमट.
याच्यावर पातेलं काय,
फार तर एक वाटी राहील.
"वाटीभर पुरेल?"
"आता दोघंच तर आहोत," म्हणत
ती वाटी शोधायला खाली गेली.
भिंतीपलीकडे तेच वळण आलं, तेच अडखळणं.
मग जिन्यावरून तिचा आवाज:
"आणि आज रात्री तो बंद करू नकोस."