कर्ता नसलेलं वाक्य

मंगळवारी दुपारी पहिलं पान माझ्यापुढे येतं,
पडद्यावरच, तरी लाल पेन्सिल कानामागे हवी.
सव्वीस वर्षांची खोड.
वोरूच्या या वर्तमानपत्रात
माझ्या परवानगीशिवाय स्वल्पविराम हलत नाही.
बाकी सगळं हलतं.

मथळा: दुग्धशाळा बंद केली जाते.
व्याकरणात खोट नाही.
आमच्या भाषेला भविष्यकाळ नाही,
होत असलेलं आणि होणारं
एकाच क्रियापदात झोपतं,
एका गोधडीत दोन भावंडं झोपावीत तसं.
शेजारचा आर्वेद उद्या विचारेल,
आज की वसंतात?
आणि क्रियापद त्याच्याकडे बघत राहील
गायीसारखं.

बंद कोण करतं?
त्याचीही आमच्याकडे सोय आहे.
असा एक प्रत्यय, की तो लागला
की करणारा खोलीतून निघून जातो,
दार न वाजवता.
झाड तोडलं जातं. कुंपण घातलं जातं.
एकोणपन्नास साली आजीला रात्री उठवलं गेलं,
मालगाडीत बसवलं गेलं.
परत आल्यावरही ती हे असंच सांगायची,
तोंडात कधी कोणाचं नाव नाही.
भीतीनं असेल.
किंवा व्याकरणानं.

खाली बातमी, कंपनीच्या पत्रावरून उतरवलेली:
त्र्याऐंशी जणांना गोळा केलं जातं.
परक्याला वाटेल, सहलीला नेतात.
नोकरीवरून काढण्याला आमचा शब्दच तो.
मेंढ्या गोळा करतात संध्याकाळी,
सांडलेले मणी गोळा करतात,
आणि माणसं गोळा करून
एकेकट्याला घरी पाठवतात.
त्र्याऐंशींत माझी बहीण हेल्यो आहे,
आंबट सायीच्या डब्यांवर झाकणं बसवणारी.

मी कर्ता घालून पाहिला.
टालिनमधले पाच संचालक दुग्धशाळा बंद करतात.
ताव्हेत संपादक, वाईट माणूस नाही,
म्हणाला, उर्वे, दोन कॉलमांत बसत नाही हे.
मी मोजलं.
खरंच बसत नव्हतं.
सात अक्षरं जास्त.

पान तीनवर आजी.
डोक्याला रुमाल, हातात लाकडी चमचा.
'आपल्या कुरणातून, आपल्या आजीच्या हातून.'
इथे मात्र सगळ्याला मालक आहे,
आपलं कुरण, आपली गाय, आपली आजी.
ही आजी तासावर पैसे घेते,
चमचा कसा धरायचा ते तिला
फोटोच्या दिवशी हेल्योनं दाखवलं होतं.
दूध टँकरनं येतं, सीमेपलीकडून.
जाहिरातीत चूक एकच होती,
एका स्वरावरची दोन टिंबं सुटलेली.
मी ती दिली.

रात्री हेल्यो आली, बुटांचा बर्फ झटकत.
घरात आम्ही छापील भाषा बोलत नाही,
वोरूची बोलतो,
तिच्यात कोणी दही विकायला जात नाही.
म्हणाली, मला गोळा केलं.
म्हटलं, वाचलं.
मग बराच वेळ बटाटे सोलले आम्ही.
सालं लांब निघत होती.
कोणी सांगितलं तुला?
आलं होतं एक माणूस, ती म्हणाली,
कोट चांगला होता.
सगळा वेळ कागदाकडे बघून बोललं.
बाई होती की पुरुष, मी विचारलं नाही.
आमच्या सर्वनामाला ते कळत नाही,
आणि कागदाकडे बघणाऱ्याला
वेगळं काय म्हणायचं?

जाहिरातीचे पैसे नाताळपर्यंत भरलेले आहेत.
आजी दर गुरुवारी हसते.

निघताना हेल्यो दारात थांबली,
टोपी कानांवर ओढली,
म्हणाली, उद्या येते.
तेच क्रियापद, तोच काळ.
पण सबंध दिवसात पहिल्यांदा
त्याच्या शेवटच्या अक्षरात
कोणीतरी उभं होतं,
हातात माझ्याकडच्या बटाट्यांची पिशवी घेऊन.