शिवण

डिसेंबरात गावात पाहुणं सरकार येतं.
सिव्हिल लाइन्सच्या भिंतींना चुना लागतो,
टेकडी रोडवर मोर्चे अडतात,
आणि माझ्याकडे बांधायला येतात
मागच्या वर्षीची आश्वासनं:
निळं कापड, सोनेरी अक्षरं, खंड तिसरा.

एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात बांधणी केली.
घटनेच्या प्रती ह्याच हातांखालून गेल्या.
दुरुस्ती झाली की दिल्लीहून चिठ्ठ्या यायच्या
बोटभर रुंद, पातळ कागदाच्या.
सरस लावून जुन्या ओळीवर डकवायच्या.
कुठे एक शब्द, कुठे अख्खा परिच्छेद.
पान उजेडात धरलं तर
खालचा मजकूर दिसायचा.
मी धरायचो.

काल तक्षशीला आली, बहिणीची नात,
लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.
तर्री-पोह्याची प्लेट दाभणाशेजारी ठेवली
आणि म्हणाली, आजोबा, वादविवाद आहे आमच्यात.
राज्यांनी मिळून परिषद बोलवावी का, घटना बदलायला?
आपल्याकडे तशी सोय नाही.
दिल्ली लिहिते, निम्मी राज्यं मान हलवतात,
तीही काही कलमांपुरती.
मान हलवणाऱ्याच्या हातात
कधी लेखणी येऊच नये का?
तिच्या ओठांना तर्रीचा लाल काठ होता.

काहून येऊ नये, मी म्हटलं.
ह्या गावाले विचार ना.
राजधानी होतं हे.
मग कागदावर सह्या झाल्या
आणि वाट्याला आलं वर्षातून एक अधिवेशन,
तेही थंडीतलं, घाईचं.
कचेरीच्या फायली ट्रकमध्ये चढल्या
तेव्हा माझा बाप हमाल होता.
त्याले मजुरी भेटली, वेळेवर भेटली.
त्याची मान कोणी मागितली नाही,
हलवायलेसुद्धा.

म्हणजे तुम्ही बाजूने, ती वहीत लिहू लागली.

थांब ना बे.

पुस्तकात नवं पान घालायचं
तर कडेला सरस लावून डकवता येतं,
नाहीतर शिवण उसवावी लागते.
उसवली की सगळे फर्मे सुटे.
एका उन्हाळ्यात अशीच एक जाड प्रत
उसवून ठेवली आणि चहाला गेलो.
कूलर चालू राहिला.
परतलो तर घटना खोलीभर.
सगळी पानं सापडली, एक सोडून.
कोणतं, विचारू नको.

कोणतं?

सतरावं कलम होतं त्याच्यावर.
छापखान्यात दुसऱ्या प्रती होत्या, हजारांनी.
तरी तीन दिवस घास उतरला नाही.
चौथ्या दिवशी कूलर उघडला,
आतून वाळ्याला चिकटलं होतं, ओलं.
घरी आणलं.
तुझ्या आजीनं निखारे फुंकून इस्त्री तापवली,
वर धोतराचा तुकडा टाकून
हळूहळू वाळवलं.
आम्ही दोघंही बोललो नाही.

म्हणजे तुम्ही घाबरता.

हाव, घाबरतो.
पण डकवून डकवून पुस्तक एका बाजूनं फुगते,
पुठ्ठा आ वासून राहते, मिटत नाही,
हेही मलेच माहीत आहे.
तू मला एवढंच सांग,
तुझ्या त्या परिषदेत बसणार कोण?
ज्यांच्या फायली ट्रकमध्ये जातात ते
की ज्यांचे ट्रक असतात ते?
आणि फायली चढवणारा?

ती लिहायची थांबली.
बाहेर मोर्चा अडला होता.
अर्धी घोषणा ऐकू आली,
पुढची शिट्टीत बुडाली.

जाताना तिनं प्रत मागितली,
कणा फाटलेली, चिठ्ठ्यांनी जाड झालेली.
दिली.
म्हटलं, वाद जिंक, हर, तुझं तू पाह्य.
फक्त नेताना पानं मोज.
आणतानाही मोज.