इतर हक्क

गट नंबर एकशे बारा, मौजे काळथर.
वकील म्हणाले, तीस वर्षांचा सर्च पुरे.
तीस वर्षं मी दहा मिनिटांत काढून दिली.
मग दुपार होती, वीज गेलेली,
आणि कपाटाचा खालचा खण ओढला की निघतो
हे तलाठी होऊन सहा वर्षांनी कळलं.

वर मोडीतली पानं. त्याखालची
वाळवीनं वाचून संपवलेली.

बंगल्याआधी तिथं नुसता सडा:
कातळ, करवंदी, चार महिने गवत.
कुणा दोमिंगो फिरंग्याला तो त्याच्या राजानं दिला.
राजानं पाहिला नव्हता. दोमिंगोनं पाहिला
एकदाच, गलबतातून.
मग नवं राज्य, नवा शिक्का.
खोत बाळाजी त्रिंबक यांस आंबा, फणस, माड,
पाणी, पाषाण, निधिनिक्षेपासहित,
आचंद्रार्क.
चंद्र आहे. अर्क तर आज डोक्यावरच आहे.
खोताच्या नातवानं लेकीच्या लग्नात सडा गहाण टाकला
तो सुटला नाही.

मीठ खात्यातला मॅकलिश, गावाच्या तोंडी मकलशी,
त्यानं बंगला बांधला. खिडक्या सगळ्या मिठागरांकडं.
रात्री चोरून मीठ वाहणाऱ्या आगऱ्यांना
त्याचा कंदील आधी दिसे, मग तो.
तापानं गेला. थडग्यावर आकडे उरलेत, नाव नाही.
मडमेनं बंगला विकला शनवारतेली हनोख आबाजी चौलकराला,
अठराशे रुपये रोख.
त्यानं चौकटीला देवाच्या शब्दांची डबी ठोकली.
शनिवारी घाणा बंद. बैलांनाही रजा.
त्याचे नातू बावन्न साली इस्रायलला गेले,
मुखत्यारपत्र पोस्टमास्तरकडं ठेवून.
डबीची भोकं अजून आहेत, दोन.

पुढं कूळ लागलं, धर्मा जोमा म्हात्रे.
मग एकत्र कुटुंब, मग वाटणी, बहिणींचं हक्कसोड,
बोजा, बोजा कमी, पुन्हा बोजा.
नावांना कंस.
आमच्या खात्यात कंस म्हणजे माणूस गेला
किंवा त्यानं विकलं. फरक वाचून कळत नाही.

चतुःसीमेत पश्चिमेला दर्या.
तेवढा एकच शेजारी बदलला नाही.
मात्र जुन्या मोजणीत एकोणीस गुंठे जास्त भरतात
आणि ते कुणाला दिले
त्याचा फेरफार सापडत नाही.

आणि खाली, इतर हक्कांत, एक ओळ:
पोशी हशा नाखवा हिचा वलांड्या घालण्याचा हक्क,
कार्तिक ते फाल्गुन, रिवाजाप्रमाणे.
मालक बदलले, ओळ उतरत राहिली.
कुणी कारकुनानं पोसी केलं, कुणी पोसाबाई हसा,
एकानं घाईत नाखवाचं नखवी.
पण गाळली कुणीच नाही. आळस असेल,
किंवा आपल्या हातून नको, एवढंच.

कंपनीचा अर्ज आलाय. हक्कधारक मयत,
नोंद निरर्थक, कमी व्हावी. शिवाय वास.
नोटीस चावडीवर लावली, मुदत पंधरा दिवस.

पंचनाम्याला गेलो तर पश्चिमेच्या अंगाला
बांबूंवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवलेले,
वाऱ्यावर सगळे एकाच दिशेला.
एक बाई कावळे हाकत होती.
पोशी तुमची कोण?
"आजेसासूची आजेसासू आसंल, मना काय ठावं."
तिनं नाव सांगितलं, मोतन.
ओळ वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली.
मग म्हणाली, "वासाचं लिवलंय का त्यात?"
म्हटलं, नाही.
"मंग वास आमचाच."

नक्कल मागितली. पंधरा रुपये मोजून दिले,
दोन नाणी माशाच्या खवल्यांसकट.
हरकत लिहून द्या म्हटलं, तर हसली.
हरकत कसली? आम्ही कुठं कुणाला नाही म्हटलं?

निघताना मोटरसायकलला पुडी लटकत होती.
परत करायला हवी होती. नियमात बसत नाही.

आज चौदावा दिवस. हरकतीचा रकाना कोरा.
पुडी टेबलाच्या खणात आहे, शिक्क्याशेजारी,
आणि सकाळपासून कचेरीत जो येतो तो
आधी नाक वर करतो, मग माझ्याकडं बघतो.