उशीच्या जागी

नियमावलीच्या पहिल्याच पानावर आहे:
घर आजारी मुलाचं की निरोगी,
हे मोजणाऱ्याला कळता कामा नये.
म्हणून माझ्या कागदावर नुसता क्रमांक. एकशे सत्तेचाळीस.
कुओपिओ, फेब्रुवारी. गोठलेल्या तळ्यावरून गाड्या चालल्यात,
आणि या घराच्या बरोब्बर खाली, तळमजल्यावर,
साऱ्या इमारतीचा ट्रान्सफॉर्मर.

सिनिक्काबाईंनी कॉफी ठेवली होती.
यंत्र बंद करायला सांगितलं, तेवढा एक आकडा खाली आला.
त्या हसल्या. ‘कॉफीसुद्धा?’
‘सगळंच,’ मी म्हटलं. ‘थोडं थोडं.’

जेवणाच्या डब्याएवढी माझी पेटी,
आत तीन दिशांना तोंड केलेली तीन वेटोळी.
आधी खोलीच्या मधोमध, जमिनीपासून एक मीटर.
मग चार कोपरे.
मग मूल झोपतं तिथे, उशीच्या जागी,
चोवीस तास.
‘झोपतं’ हे मी छापील कागदावरून वाचलं.
त्यांनी काळ दुरुस्त केला नाही.
चादरीला एक सुरकुती नव्हती.

‘पण तेव्हा असं नव्हतं,’ म्हणाल्या,
आणि माळ्यावरून खोका काढला.
लाल आकड्यांचा गजराचा रेडिओ.
सशाचा दिवा. मासे ठेवायच्या काचपेटीचा पंप.
एकेक भिंतीत खोचत गेल्या.
पलंग चार बोटं सरकवला.
‘इथे होता. बघा, गालिच्यात पायांचे खळगे.’
होते.

मी सांगायला हवं होतं
की आम्ही घर आज आहे तसंच मोजतो,
गेलेल्या वर्षांना काटा लागत नाही;
आजवरून कालचं ताडायचं,
ताडलेल्याला म्हणायचं अंदाज,
आणि अंदाजाला दोन्हीकडून कुंपण घालायचं,
किती चुकलो असू त्याचं.
नाही सांगितलं.
रकाना होता: चालू असलेली उपकरणं.
त्यात रेडिओ लिहिला, ससा लिहिला, पंप लिहिला.
पंपाला पाणी नव्हतं. तो कोरडाच गुरगुरत राहिला.

दुसऱ्या दिवशी पेटी परत आणली.
पडद्यावर रेष: संध्याकाळी डोंगर,
साऱ्या इमारतीच्या चुली आणि सौनाघरं.
अकरानंतर उतार.
शून्य पूर्णांक सहा, पाच, पुन्हा सहा.
हा आकडा काय करतो, काय करत नाही,
ते दोन-तीन हजार घरं एकत्र मांडली की
कुणीतरी जपून, ‘कदाचित’ लावून लिहील.

पण दोन वाजून दहा मिनिटांनी
तिन्ही वेटोळ्यांतले वाटे एकदम बदललेत.
उभ्याचं आडव्याकडे गेलं,
आडव्याचं तिसऱ्याकडे.
एकूण मात्र तेच.
म्हणजे क्षेत्र हललेलं नाही.
पेटी कलली आहे, हलकेच, एका अंगाला,
शेजारी कुणी आडवं झालं की
गादी कलते तेवढी.
पहाटे साडेपाचपर्यंत.

नियमाने एवढा तुकडा वगळायचा असतो.
मी शेऱ्यात लिहिलं: उपकरणात बिघाड नाही.
आणि पुढचा क्रमांक घेतला.